रेलिंगचं बिल काढण्याआधी एकदा हात लावून बघा

प्रति,
कार्यकारी अभियंता, उपअभियंता आणि शाखा अभियंता,
बांधकाम विभाग, जिल्हा परिषद,
मराठवाड्यातले आठही जिल्हे

विषय : जिने आणि रॅम्पच्या रेलिंगच्या आयटमबाबत

साहेब,

लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. शाळा, अंगणवाड्या, आरोग्य केंद्रं, ग्रामपंचायतीची कार्यालयं यांच्या जिन्यांची आणि रॅम्पची रेलिंग बनवायचं काम गुत्तेदारांमार्फत आमच्याकडे येतं. तुमची-माझी गाठ क्वचितच पडते. तुमच्या एस्टिमेटमधली एक ओळ मात्र दर कामाला माझ्या हातात असते: जिन्यास स्टेनलेस स्टीलचे रेलिंग, उंची ९०० मिमी, इतके मीटर. हे पत्र त्या ओळीबद्दल आहे.

रेलिंगची कामं दोन. माणूस बाजूने खाली पडू नये म्हणून आड, आणि चढता-उतरता धरायला आधार. एस्टिमेट पहिल्या कामाचा विचार करून लिहिलेलं असतं. त्यामुळे जिथे पडायला जागाच नाही, म्हणजे दोन्हीकडे भिंत, तिथे रेलिंग धरलेलंच नसतं. एका बाजूला भिंत असली की फक्त मोकळ्या बाजूचे मीटर मोजले जातात. हिशेबाला बरोबर दिसतं. पण लकवा मारलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. उजवी बाजू गेली आहे, सगळा जोर डाव्या हातावर. चढताना रेलिंग डावीकडे आलं तर तो कसाबसा वर जातो. उतरताना तेच रेलिंग त्याच्या उजवीकडे येतं, आणि डावीकडे असते नुसती भिंत. मी अशी माणसं पाठमोरी उतरताना पाहिली आहेत, लहान लेकरू ओसरीवरून उतरतं तशी. निराधारच्या पगारीसाठी कागद घेऊन वरच्या मजल्यावर जाणारी निम्मी माणसं अशीच थकलेली असतात. कुणाचा गुडघा गेलेला, कुणाची नजर अधू. त्यांना दोन्ही बाजूंना आधार हवा, आणि भिंतीच्या बाजूला तर आधीच हवा, कारण वर्दळीत माणूस भिंतीकडेच सरकतो.

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत भिंतीच्या जाडीतून अंधारा, खडा जिना वर जायचा. दोन्हीकडे मातीची भिंत, पडायला जागा नाही. तरी वरून एक दोर सोडलेला असायचा. कशाला, हे त्या गवंड्याला कुणी एस्टिमेटमध्ये लिहून दिलं नव्हतं.

आता पाईपाकडे येतो, कारण खरी गडबड तिथे आहे आणि ती फुकटात मिटते.

बाजारात रेलिंगला वरचा पाईप म्हणून दोन इंची एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील, सर्रास चालतो. भारदस्त दिसतो, बफिंग केलं की चकाकतो, उद्घाटनाच्या फोटोत शोभतो. बाहेरचा व्यास ५०.८ मिमी, म्हणजे घेर सव्वासहा इंचांच्या वर. सत्तरीच्या बाईने तो धरून बघावा: अंगठा आणि बोटं एकमेकांपासून लांबच राहतात. मूठ मिटत नाही. चालताना फरक कळत नाही, कारण चालताना हात नुसता टेकवलेला असतो. पाय सटकला की त्या क्षणी मुठीने सगळं वजन पेलायचं असतं, आणि न मिटलेली मूठ पाईपावरून घसरते. दीड इंची एसएस बाहेरून ३८.१ मिमी भरतो, घेर पावणेपाच इंच. याच्यावर मूठ बसते. केंद्र सरकारच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत गोल पाईप आणि ३८ ते ४५ मिमी व्यास सांगितला आहे, तो याच कारणाने. पत्र्याची जाडी तीच ठेवली तर दीड इंची पाईप दोन इंचीपेक्षा वजनाला हलका, म्हणजे स्वस्तही.

इथे एक गोम आहे. एसएसचा पाईप बाहेरच्या मापाने विकतात. लोखंडी पाण्याचा पाईप, म्हणजे आयएस १२३९ या भारतीय मानकातला, नावाच्या मापाने विकतात. त्यातला दीड इंची बाहेरून ४८.३ मिमी निघतो, आणि सव्वा इंची निघतो ४२.४ मिमी. म्हणजे एस्टिमेटमध्ये नुसतं 'दीड इंची पाईप' लिहिलं तर एसएसमध्ये बरोबर माप येतं आणि एमएसमध्ये, म्हणजे साध्या लोखंडात, जाड. गुत्तेदार दोन्ही ठिकाणी कागद दाखवू शकतो. म्हणून इंच सोडा. 'बाहेरचा व्यास ३८ ते ४५ मिमी' एवढं लिहा, वाद राहणार नाही.

चौकोनी पाईपाबद्दल तर बोलायलाच नको. दोन बाय दोनचा चौकोनी पाईप गेटला शोभतो. धरायला गेलं की कडा तळहातात रुततात. आणि शाळांच्या रॅम्पला जो विटांचा कठडा बांधून वर कडप्पा ठेवतात, त्यावर दप्तर ठेवता येतं, पाण्याची बाटली ठेवता येते. धरता काहीच येत नाही. असा कठडा असेल तर तो पाडू नका, त्याच्या आतल्या अंगाला ब्रॅकेटवर पाईप घ्या. काम अर्ध्या दिवसाचं आहे.

ब्रॅकेटचंही सांगतो. तो पाईपाला खालून यावा. बाजूने किंवा वरून क्लॅम्प मारला की सरकणारा हात दर मीटरला अडतो आणि माणूस हात उचलतो. जिन्यात हात उचलायची वेळच येऊ नये. भिंत आणि पाईप यांच्यात किमान ५० मिमी मोकळी जागा हवी. आपल्याकडे बाहेरून खरबरीत गिलावा असतो, त्यात २५-३० मिमी ठेवलं तर बोटांची सालटं निघतात. एकदा सोललेला माणूस दुसऱ्यांदा ते रेलिंग धरत नाही.

टोकांकडे कुणी बघत नाही. पहिल्या पायरीला सुरू आणि शेवटच्या पायरीला बंद, अशी आमची रीत, कारण मीटर तेवढेच दिलेले. पण आधार पहिलं पाऊल उचलण्याआधी लागतो आणि शेवटचं पाऊल टेकल्यावर सुटायला हवा. म्हणून दोन्ही टोकांना रेलिंग पायऱ्यांच्या पुढे किमान ३०० मिमी आडवं सरळ जायला पाहिजे. दिसत नसलेल्या माणसाला तो आडवा तुकडा हाताखाली आला की कळतं, पायऱ्या संपल्या. दोन्ही बाजूंची चार टोकं मिळून १.२ मीटर पाईप वाढतो, जास्त नाही. ते टोक मात्र उघडं सोडू नका. प्लॅस्टिकची टोपी तर महिन्यात पोरं काढून नेतात, आणि मग उघड्या पाईपात पदर, ओढणी, दप्तराचा पट्टा बरोबर अडकतो. घाईत उतरणारी बाई तिथेच हिसका बसून कोसळते. टोक भिंतीकडे नाहीतर खाली जमिनीकडे वळवून बंद केलं की विषय मिटतो. आमच्याकडे बेंड तयार मिळतात, कापून वेल्ड करायचे. आणि शेवटच्या खांबावर तो चेंडूएवढा स्टीलचा गोळा, तो कृपा करून घालायला लावू नका. हात सरकत येतो आणि नेमक्या शेवटच्या पायरीला गोळ्यावर आपटतो.

वळणावरच्या उडीला आम्ही काहीच करू शकत नाही, कारण ती तुमच्या ड्रॉइंगमध्ये असते. अर्ध्या वळणाच्या जिन्यात खालच्या टप्प्याची शेवटची पायरी आणि वरच्या टप्प्याची पहिली पायरी एका रेषेत काढतात. मग आतल्या बाजूचं रेलिंग त्या जागी एका रायझरने, म्हणजे एका पायरीच्या उंचीने, साधारण १५० मिमीने, उडी मारतं. आम्ही दोन पाईप कापतो, मध्ये खांब उभा करतो, आणि धरून आलेल्या माणसाला नेमकं वळणावर हात सोडायला लावतो. वरच्या टप्प्याची पहिली पायरी एक ट्रेड, म्हणजे एका पायरीच्या रुंदीएवढी, आत सरकवून काढली तर दोन्ही पाईप त्याच उंचीवर भेटतात आणि सलग वळवता येतात. कागदावर पेन्सिलीचं काम आहे. स्लॅब पडल्यावर ते कुणाच्याच हातात राहत नाही.

उंचीचंही तसंच. ९०० मिमी नोजिंगपासून, म्हणजे पायरीच्या पुढच्या कडेपासून, उभं मोजायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण साइटवर क्रम उलटा होतो. मार्च एंडच्या घाईत आधी रेलिंग बसतं, मग फरशी येते. खाली बेडिंग, वर शहाबादी नाहीतर ग्रॅनाइट, मिळून ५० मिमी सहज वर येतं. ९०० चं ८५० होतं आणि खांबाखालची बेसप्लेट फरशीत गाडली जाते. तिच्या कडेने फरशी पुसायचं पाणी मुरतं आणि दोन पावसाळ्यांत खांबाचा पाया गंजतो. वरून पाईप चकाचक, खाली पोकळ. फरशी झाल्यावरच रेलिंग, असा क्रम ऑर्डरमध्येच घाला. शाळेत ७६० मिमीवर दुसरा पाईपही घ्या. पहिलीच्या पोराला ९०० मिमी म्हणजे जवळपास खांद्याएवढं.

शाळांपुरतं आणखी एक. एसएस रेलिंगचं जे ठरलेलं डिझाइन आहे, वर एक पाईप आणि खाली तीन-चार आडव्या बारीक नळ्या, ते पोरांसाठी शिडी आहे. वरच्या मजल्यावर तर घातकच. तिथे आतले गज उभे घ्या, आणि दोन गजांतून १०० मिमीचा चेंडू आरपार जाणार नाही इतके जवळ. अमेरिका-इंग्लंडमध्ये याच मापाने तपासतात. वरच्या मजल्याच्या मोकळ्या कडेला ९०० मिमी उंचीही पुरत नाही. तिथे आड एक मीटर तरी वर न्या आणि धरायचा पाईप वेगळा, आतल्या अंगाने ९०० वर लावा.

मजबुतीबद्दल एकच आकडा देतो. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याच्या भाग २ मध्ये शाळा, सभागृहं, जिथे गर्दी लोटते अशा जागांच्या कठड्यांना दर मीटरला २.२५ किलोन्यूटन आडवा जोर धरायला सांगितला आहे. म्हणजे साधारण २३० किलो. शाळा सुटल्याची घंटा होते तेव्हा जिन्यात काय होतं ते ज्याने पाहिलं आहे त्याला हा आकडा मोठा वाटणार नाही. आता आमच्या साइटवर काय असतं? खांब पातळ, अठरा गेजचा, बेसप्लेटला चारऐवजी दोन फास्टनर, आणि ते फास्टनर कधी काँक्रीटमध्ये तर कधी नुसत्या गिलाव्यात आणि विटेत. रेट पाडून घेतल्यावर गुत्तेदार पैसे इथेच काढतो. आणि एक गंमत सांगतो. काही साहेब लोहचुंबक घेऊन येतात, चिकटला नाही की म्हणतात ३०४ आहे, म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टेनलेस, ठीक. साहेब, हलक्या प्रतीच्या २०२ लाही लोहचुंबक चिकटत नाही. तपासायचं रसायन बाजारात मिळतं, थेंब टाकला की रंगावरून कळतं. उघड्यावरच्या २०२ वर पावसाळ्यानंतर चहाच्या रंगाचे डाग येतात, तोवर बिल निघालेलं असतं.

रॅम्पची गोष्ट वेगळी आहे, आणि आपल्या काळ्या मातीमुळे आणखी वेगळी. चिकण माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून इमारतीचा पाया खोल जातो आणि जोतं उंच येतं, दोन फूट तरी. दोन फूट चढायला १:१२ च्या उताराने २४ फूट लांब रॅम्प लागतो. समोर जागा नसते, किंवा जागा सोडायची आठवण नसते, आणि मतदान केंद्राची पाहणी तोंडावर आलेली असते. मग आठ-नऊ फुटांत उतार बसवतात. त्याला दोन्ही बाजूंनी सोन्याचं रेलिंग लावलं तरी चाकाच्या खुर्चीतला माणूस एकटा चढणार नाही, आणि उतरताना मागून धरणाराही घसरेल. जागा नसेल तर रॅम्प भिंतीला समांतर वळवून घ्या, दोन टप्प्यांत घ्या, मध्ये दीड मीटरचा सपाट थांबा द्या.

बरं, हा रॅम्प मागाहून जोडलेला असतो. खाली मुरूम टाकून धुम्मस मारलेली, पाया फूटभर. इमारत जागेवर राहते, रॅम्प दोन उन्हाळ्यांत खचतो आणि सांध्यात बोटभर फट पडते. आमचं रेलिंग एका टोकाला इमारतीच्या भिंतीत पकडलेलं आणि बाकी रॅम्पवर उभं असतं, त्यामुळे ते पिळतं. वेल्ड तुटतो नाहीतर भिंतीतला फास्टनर उपटून निघतो. तक्रार आली की आम्हाला बोलावतात, 'मिस्त्री, वेल्डिंग कच्चं केलंस'. वेल्डिंग पक्कं होतं म्हणून तर फास्टनर उपटला! रॅम्पला इमारतीसारखाच पाया द्या, आणि ते जमत नसेल तर सांध्यावर रेलिंग तोडून एक पाईप दुसऱ्यात सरकेल असा जोड द्या. बारीक पाईप जाड्या पाईपात, वेल्ड एकाच बाजूला. हात न अडता सरकतो आणि रॅम्प हलला तरी काही तुटत नाही.

उन्हाचा विचार तर कुठल्याच पुस्तकात आपल्यासारखा सापडणार नाही. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४४ च्या वर जातो. दक्षिणेला किंवा पश्चिमेला तोंड असलेल्या उघड्या रॅम्पवरचा स्टीलचा पाईप दुपारी दोनला धरून बघा. धरवत नाही. एका आरोग्य केंद्राबाहेर एक म्हातारबा उपरणं हाताला गुंडाळून रेलिंग धरत होते, मी विचारलं तर म्हणाले, "तवा हाय बाबा तो." कापडावरून हात घसरतो, म्हणजे रेलिंग असून नसल्यासारखंच. यावर उपाय आहेत. सगळ्यात चांगला म्हणजे वर पत्र्याचं छत, त्याने पावसात रॅम्प निसरडाही होत नाही. ते नसेल तर पाईपावर उन्हात टिकेल असं प्लॅस्टिकचं आवरण चढवता येतं. फक्त मग आवरणासकट व्यास ४५ च्या आत ठेवा, म्हणजे आतला पाईप तेवढा बारीक घ्या. सावलीतल्या जिन्याला लाकडी गोल रेलिंग अजूनही सगळ्यात सुखाचं.

देवस्थानांच्या विश्वस्तांनीही हे वाचलं तर बरं. तुळजापूरला पायऱ्या उतरून आत जायचं, माहूरला रेणुकेच्या डोंगरावर चढून, परळीत वैजनाथाला पुन्हा पायऱ्या. तिथे येणाऱ्यांत म्हातारी माणसं जास्त. रुंद पायऱ्यांना फक्त दोन कडांना रेलिंग असून भागत नाही, गर्दीत मधला माणूस कडेपर्यंत पोचतच नाही. मधोमध एक रांग हवी. आणि दर्शनबारीचे जाड पाईप म्हणजे रेलिंग नव्हे, ते गर्दी अडवायला असतात.

कायदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ४४ आहे: सुगम्यतेचे नियम पाळले नाहीत तर बांधकामाची परवानगीही नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुधारायला कलम ४५ ने सांगितलं, नियम आले जून २०१७ मध्ये, म्हणजे ती मुदतही कधीच सरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की ही मानकं शिफारशीपुरती ठेवून चालणार नाही, बंधनकारक नियम करा. तरी शाळा दरवर्षी सरकारला भरून देतात त्या यूडायसच्या माहितीत रॅम्प आहे का, त्याला कठडा आहे का, एवढंच विचारतात. हेडमास्तर 'होय' लिहितात. खोटं नसतं ते. पण मूठ बसते का, टोकाला पदर अडकतो का, हे त्या 'होय'मध्ये येत नाही. ते तुमच्या एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, येऊ शकतं.

म्हणून मागणं असं. पुढच्या एस्टिमेटमध्ये त्या एका ओळीच्या जागी हे लिहा: दोन्ही बाजूंना, भिंतीकडेही, गोल पाईप, बाहेरचा व्यास ३८ ते ४५ मिमी, भिंतीपासून ५० मिमी मोकळं, ७६० आणि ९०० अशा दोन उंच्या, तयार फरशीपासून मोजून, दोन्ही टोकांना ३०० मिमी पुढे आणि टोकं वळवून बंद, वळणावर सलग. भिंतीकडच्या पाईपाचे मीटर मोजा आणि त्याचे पैसेही द्या, नाहीतर गुत्तेदार ते गाळणार आणि तुम्ही आम्हाला बोलणार.

आणि एमबीवर सही करण्याआधी साइटवर दहा मिनिटं काढा. डोळे मिटून, एका हाताने धरून, हात न उचलता वरपासून खालपर्यंत या. मग दुसऱ्या हाताने वर जा. जिथे हात अडला, सुटला, सोलला किंवा भाजला, तिथे खडूने खूण करा. शेवटी एखाद्या तगड्या गड्याला रेलिंगवर रेलून जोर लावायला सांगा. खडूच्या खुणा पुसल्या जाईपर्यंत बिल थांबवा. गुत्तेदार कुरकुर करेल. दुरुस्ती मला करावी लागेल आणि तिचे पैसे बहुतेक मिळणार नाहीत, तेही मला माहीत आहे.

वळवलेल्या टोकाचा, खालून येणाऱ्या ब्रॅकेटचा आणि सांध्यावरच्या सरकत्या जोडाचा एकेक नमुना मी दुकानात करून ठेवला आहे. तुमच्यापैकी कुणाला कार्यालयात ठेवायला हवा असेल तर गुत्तेदाराबरोबर निरोप धाडा, पाठवून देईन.

आपला,
एक फॅब्रिकेटर,
लातूर जिल्हा